चाळीस घरांचा हिशेब : डायब्लो २ मध्ये नवख्या खेळाडूने लूट कशी सांभाळावी

ब्लड मूर ओलांडून, डेन ऑफ ईव्हिलची गुहा साफ करून छावणीत परत येईपर्यंत डायब्लो २ या संगणकावरच्या खेळातल्या नवख्या खेळाडूची इन्व्हेंटरी, म्हणजे जवळचे सामान ठेवायची झोळी, बहुधा गच्च भरलेली असते. तीत एक तडा गेलेली कुऱ्हाड असते, दोन टोप्या असतात, स्टॅमिनाच्या चार बाटल्या असतात, धनुष्य कधीच हाती न धरणाऱ्या पात्राजवळ बाणांचा भाता असतो, आणि यांतले काय ठेवायचे व काय टाकायचे हे त्याला कोणीच सांगितलेले नसते. हा लेख त्या खेळाडूसाठी आहे. मूळ खेळ २००० साली आला, त्याचा ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ हा विस्तार २००१ साली आला आणि दोन्ही एकत्र करून नव्या चित्रांनिशी ‘रिसरेक्टेड’ ही आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये निघाली. पुढचे सर्व विवेचन या आवृत्तीला, संगणकावर एकट्याने खेळणाऱ्याला आणि नॉर्मल या पहिल्या काठिण्यपातळीला धरून आहे.

मूळ मुद्दा आधीच सांगतो. लुटीचा निर्णय वस्तू जमिनीवर पडलेली असतानाच घ्यायचा असतो. ‘आत्ता उचलू, मग छावणीत बसून बघू’ असे म्हणणाऱ्याचा निम्मा वेळ शहराच्या फेऱ्यांत जातो आणि त्याची छावणीतली साठवणीची पेटी घरातल्या माळ्यासारखी होते, म्हणजे सगळे काही तिथे असते पण हवे ते कधीच सापडत नाही.

घरे मोजून घ्या

इन्व्हेंटरी आडवी १० आणि उभी ४, म्हणजे एकूण ४० घरांची असते. वस्तूचे वजन या खेळात नाही. आहे ती फक्त जागा. अंगठी, ताईत, रत्न किंवा रून (अक्षर कोरलेला जादूचा दगड) यांना एक घर लागते, कमरपट्ट्याला दोन, हातमोजे, बूट आणि शिरस्त्राण यांना प्रत्येकी चार, चिलखताला सहा, आणि लांब दांड्याच्या मोठ्या शस्त्रांना चक्क आठ. हे आकडे पाठ करावे लागत नाहीत, कारण चार-पाच दिवस खेळल्यावर ते नजरेत बसतात. मात्र एक आठघरी भाला उचलणे म्हणजे आठ अंगठ्यांची जागा अडवणे आहे, ही जाणीव पहिल्या दिवसापासून ठेवावी.

या चाळिसांपैकी काही घरे कायमची गुंतलेली असतात. छावणीतल्या अकारा या दुकानदारणीकडून टाउन पोर्टलचा, म्हणजे छावणीत परतण्याचे दार उघडणारा, ग्रंथ घ्यावा. त्यात २० स्क्रोल मावतात आणि तो दोन घरे घेतो. वस्तूंची ओळख पटवणारा आयडेंटिफायचा ग्रंथही तितकाच मोठा असतो. सुटे स्क्रोल उचलत बसण्यापेक्षा दुकानात शिफ्ट धरून स्क्रोलवर उजवी क्लिक केली की ग्रंथ एकदम भरतो. कुलूपबंद पेट्यांसाठी किल्ल्या लागतात, पण त्या एका घरात १२ राहतात, त्यामुळे त्यांची अडचण होत नाही. ॲसॅसिन हे पात्र घेतले असेल तर किल्ल्यांचीही गरज नाही.

औषधाच्या बाटल्यांची जागा कमरपट्ट्यात आहे. पट्टा नसताना चारच बाटल्या राहतात, अगदी साध्या सॅशमध्ये आठ, बेल्ट किंवा हेवी बेल्टमध्ये बारा आणि प्लेटेड बेल्टमध्ये सोळा. म्हणून सुरुवातीला पट्टा निवडताना त्याच्या संरक्षणाच्या आकड्यापेक्षा त्यात किती ओळी आहेत हे आधी पाहावे. बाटलीवर शिफ्ट धरून क्लिक केली की ती थेट पट्ट्यात जाते. एवढे करूनही इन्व्हेंटरीत बाटल्यांची रांग उरत असेल, तर त्या जास्तीच्या आहेत असे समजून पुढच्या वेळी त्या जमिनीवरच राहू द्याव्यात.

दुसऱ्या ॲक्टमध्ये, म्हणजे खेळाच्या दुसऱ्या अंकात, हॉल्स ऑफ द डेडच्या तिसऱ्या मजल्यावर होराड्रिक क्यूब हा जादूचा डबा मिळतो. बाहेरून तो चार घरे घेतो आणि आत बारा घरे देतो. दोन ग्रंथांची चार आणि क्यूबची चार घरे वजा केली तर इन्व्हेंटरीत ३२ उरतात, त्यांत क्यूबमधली बारा मिळवली की ४४ होतात. म्हणजे सगळा सरंजाम जवळ बाळगूनही आपण मूळ चाळिसाच्या पुढे जातो. क्यूब पेटीत ठेवून देणे ही नवख्यांची फार जुनी सवय आहे आणि ती मला कधीच समजलेली नाही.

रंग वाचा, मग हात घाला

जमिनीवरच्या वस्तूंची नावे दिसण्यासाठी ऑल्ट हे बटण आहे. ते सारखे दाबून बोट दुखत असेल तर सेटिंगमध्ये एकदा दाबल्यावर नावे दिसत राहतील अशी सोय करून घेता येते. सोने चालता चालता आपोआप गोळा व्हावे याचीही सोय तिथेच आहे. ती लगेच सुरू करावी.

नावाचा रंग हाच पहिला चाळणा आहे. पांढरी वस्तू साधी असते. निळी जादूची आणि पिवळी दुर्मीळ असते. हिरवी एखाद्या संचातली आणि सोनेरी एकमेवाद्वितीय, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत युनिक असते. रूनचे नाव नारिंगी दिसते. उरला राखाडी रंग, आणि नवखे खेळाडू सर्वांत जास्त चुकतात ते याच रंगापाशी, कारण तो पांढऱ्याहून फिका असल्यामुळे ‘ही काहीतरी खालच्या प्रतीची वस्तू असावी’ असा समज होतो. प्रत्यक्षात राखाडी म्हणजे ती वस्तू सॉकेट (रत्न किंवा रून बसवायची खाच) असलेली तरी आहे किंवा इथिरियल तरी आहे. सॉकेटवाल्या राखाडी वस्तूचे महत्त्व पुढे सविस्तर येईल. इथिरियल वस्तूचा मारा किंवा संरक्षण नेहमीच्या दीडपट असते, पण तिची दुरुस्ती होत नाही. मात्र भाडोत्री सोबत्याच्या अंगावरची वस्तू झिजतच नाही, त्यामुळे आपल्याला अडचणीचे ठरणारे इथिरियल चिलखत किंवा भाला त्याला मात्र उत्तम लागू पडतो.

हिरवे आणि सोनेरी नेहमी उचलावे. ते इतक्या क्वचित पडते की जागेचा प्रश्नच येत नाही. पिवळेही सुरुवातीला सगळे उचलावे. निळ्याच्या बाबतीत निवड करावी लागते. अंगठ्या, ताईत आणि चार्म (नुसते जवळ बाळगले तरी गुण देणाऱ्या वस्तू) नेहमी घ्यावेत, कारण ते एक ते तीन घरांत मावतात. हातमोजे, बूट आणि पट्टे जागा असेल तर घ्यावेत. निळी अवजड शस्त्रे आपले पात्र वापरणार नसेल तर सोडून द्यावीत. दुसऱ्या ॲक्टमध्ये ग्रीझकडून भाडोत्री सोबती घेतला असेल, तर तो भाले आणि लांब दांड्याची शस्त्रे वापरतो, तेव्हा त्याच्यासाठी त्या आठ घरांची गुंतवणूक परवडते.

पांढऱ्या रंगाचे बहुतांश सोडून द्यायचे असते. पहिल्या दोन-तीन पातळ्यांत अंगावर काहीच नसते तेव्हा पांढरी टोपीसुद्धा उपयोगाची असते हे खरे, पण ती अवस्था तासाभरात संपते. स्टॅमिनाच्या, विषावरच्या आणि थंडीवरच्या बाटल्या नॉर्मलमध्ये न उचलल्याने कोणाचेही काही अडलेले मी पाहिलेले नाही.

ओळख फुकट करून घ्या, विक्री पाहून करा

पहिल्या ॲक्टमध्ये ट्रिस्ट्रममधून डेकार्ड केनची सुटका स्वतः करावी. आपण सोडवले तर तो पुढे सर्व वस्तूंची ओळख विनामूल्य पटवून देतो. ते काम टाळून पुढे गेलो तर प्रत्येक वस्तूमागे १०० सोने घेतो. केन आला की आयडेंटिफायचा ग्रंथ ठेवायचा की नाही हा आवडीचा प्रश्न उरतो. मी तो पेटीत टाकतो आणि दोन घरे मोकळी करतो. वस्तू मात्र ओळख न पटवता विकू नये, कारण फुकट मिळणारी माहिती न घेता माल देऊन टाकण्यात काहीच शहाणपण नाही.

कोणती वस्तू किती घरे अडवते हे एकदा कळले की विक्रीचा हिशेबही ‘एका घरामागे किती सोने’ असा करता येतो. दुकानदाराची खिडकी उघडी ठेवून आपल्या वस्तूवर माउस नेला की तिची किंमत दिसते. पहिले काही दिवस प्रत्येक वस्तूवर असा माउस फिरवून पाहावा. जादूची चिलखते सहसा चांगले पैसे देतात. कौशल्य वाढवणारे वाँड आणि स्टाफ अनेकदा त्याहून जास्त देतात आणि वाँडला दोनच घरे लागतात. पांढऱ्या तलवारी आणि गदा यांना मात्र जवळजवळ भंगाराचा भाव येतो. आठवडाभरात कोणता माल ओझ्याच्या लायकीचा आहे हे तुमचे तुम्हालाच कळू लागेल, आणि मग किंमत पाहण्याचीही गरज उरणार नाही.

इथे एक सावधगिरी. कंट्रोल धरून क्लिक केली की वस्तू झटकन सरकते, पण कुठे सरकते हे कोणती खिडकी उघडी आहे यावर ठरते. पेटी उघडी असेल तर ती पेटीत जाते, दुकान उघडे असेल तर विकली जाते आणि नुसती इन्व्हेंटरी उघडी असेल तर जमिनीवर पडते. एकदा बोलता बोलता मी छावणीतल्या चार्सी या लोहारणीला माझाच राखून ठेवलेला ताईत विकून टाकला. दुकानातून तो परत घेता आला, पण विकताना मिळाले त्याच्या कितीतरी पट सोने मोजून.

सोने जवळ किती बाळगता येते यालाही मर्यादा आहे : आपली पातळी गुणिले १०,०००. दहाव्या पातळीवर एक लाख. मेल्यावर त्यातला काही भाग जातो, म्हणून छावणीत आलो की सोने पेटीत ठेवण्याची सवय लावून घ्यावी. दुरुस्ती, बाटल्या आणि मेलेल्या सोबत्याला परत उभे करणे हे खर्च चालूच राहतात. घीड या व्यापाऱ्याकडचा जुगार सुरुवातीला खुशाल टाळावा.

रून आणि रिकाम्या सॉकेटची वस्तू

आता त्या राखाडी वस्तूंकडे वळतो, कारण नॉर्मलमधली सर्वांत मोलाची लूट बहुतेक वेळा सोनेरी नसते. या खेळात एलपासून झॉडपर्यंत ३३ रून आहेत. ठरावीक रून ठरावीक क्रमाने, तेवढीच सॉकेटे असलेल्या योग्य प्रकारच्या वस्तूत बसवले की त्यांचा रूनवर्ड तयार होतो आणि वस्तूला नवे नाव व नवे गुण मिळतात. अट अशी की ती वस्तू जादूची नसावी. निळ्या, पिवळ्या, हिरव्या किंवा सोनेरी वस्तूत रून बसतात, पण रूनवर्ड होत नाही.

नवख्याने पहिल्यांदा ‘स्टेल्थ’ करावा. त्याला टाल आणि एथ हे दोन रून, दोन सॉकेटांचे साधे चिलखत आणि १७ वी पातळी लागते. त्यातून धावणे, मंत्र टाकणे आणि मार खाल्ल्यावर सावरणे या तिन्ही गोष्टी २५ टक्क्यांनी जलद होतात, शिवाय माना, म्हणजे मंत्रांसाठी लागणारी शक्ती, १५ टक्के वेगाने भरतो आणि विषाचा प्रतिकार ३० टक्के वाढतो. त्या टप्प्यावर दुकानात याच्या जवळपास जाणारे काही मिळत नाही.

माझा पहिला स्टेल्थ तिसऱ्या प्रयत्नात झाला. पहिल्या वेळी माझ्याजवळ दोन सॉकेटांचे एक निळे क्विल्टेड चिलखत होते. निळे म्हणजे राखाडीपेक्षा चांगलेच, अशा हिशेबाने मी त्यात टाल बसवला, मग एथ बसवला आणि नाव बदलण्याची वाट पाहत राहिलो. नाव तेच राहिले. विषप्रतिकार वाढला, माना थोडा लवकर भरू लागला, म्हणजे दोन रूनचे सुटे गुण तेवढे मिळाले. दुसऱ्या वेळी चिलखत अगदी बरोबर, राखाडी, दोन सॉकेटांचे होते. मी घाईत एथ आधी बसवला आणि टाल नंतर. तेही फुकट गेले. बसवलेला रून परत मिळत नाही. हेल नावाचा रून आणि टाउन पोर्टलचा एक स्क्रोल त्या वस्तूसह क्यूबमध्ये घालून सॉकेट रिकामे करता येते, पण आतले रून त्यात नष्ट होतात. तेव्हा बसवण्यापूर्वी तीन गोष्टी मोठ्याने म्हणाव्यात : रंग कोणता, सॉकेटे किती, पहिला रून कोणता.

हे रून मिळवायला फार लांब जावे लागत नाही. पहिल्या ॲक्टमधल्या ब्लॅक मार्शमध्ये फरगॉटन टॉवर आहे. त्याच्या तळघराच्या पाचव्या मजल्यावरची काउंटेस रून देण्यासाठीच प्रसिद्ध आहे, आणि नॉर्मलमध्ये तिच्या खास वाट्यातून रालपर्यंतचे रून पडतात. टाल आणि एथ दोन्ही त्या मर्यादेत बसतात. तिच्याकडे पाच-सात फेऱ्या मारणे हा नवख्यासाठी वेळेचा उत्तम उपयोग आहे. वस्तू सापडण्याची शक्यता वाढवणारे ‘मॅजिक फाइंड’ अंगावर चढवून जाण्याची गरज नाही, कारण त्याचा रूनवर काहीच परिणाम होत नाही.

दुसरा सोपा रूनवर्ड ‘एन्शंट्स प्लेज’ हा आहे. राल, ऑर्ट आणि टाल, याच क्रमाने, तीन सॉकेटांच्या ढालीत. पाचव्या ॲक्टमध्ये पकडलेले सैनिक सोडवले की क्वाल-केक बक्षीस म्हणून नेमके हेच तीन रून देतो. ढाल आधीपासून तयार असेल तर ती तिथल्या तिथे पूर्ण होते आणि प्रत्येक प्रकारचा प्रतिकार चाळीस टक्क्यांहून अधिक वाढतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या ॲक्टपासून तीन सॉकेटांची लार्ज किंवा काइट ढाल दिसली की उचलून ठेवावी. ढालीचे संरक्षण किती आहे याची फारशी फिकीर करू नये. ती पेलण्याइतकी ताकद पात्रात आहे ना, एवढे पाहावे.

मंत्र टाकणारे पात्र असेल तर टाल, थुल, ऑर्ट, आम्न या क्रमाचा ‘स्पिरिट’ डोळ्यांसमोर ठेवावा. चार सॉकेटांची तलवार आणि २५ वी पातळी एवढेच लागते, आणि सर्व कौशल्ये दोनने वाढतात. तशी तलवार सापडत नसेल, तर पाचव्या ॲक्टच्या उत्तरार्धात पडलेली पांढरी ब्रॉड सोर्ड तिथल्या लार्झुक या लोहाराकडे द्यावी. त्याने सांगितलेली कामगिरी पार पाडल्याच्या बक्षिसातून तिला चार सॉकेटे पडतात. हे बक्षीस एका काठिण्यपातळीत एकदाच मिळते, त्यामुळे ते हाताशी येईल त्या वस्तूवर उडवू नये.

पेटीत काय जावे

रिसरेक्टेड आली तेव्हा प्रत्येक पात्राला १०० घरांची स्वतःची पेटी होती आणि सर्व पात्रांत सामाईक असे प्रत्येकी १०० घरांचे तीन कप्पे होते. ही जागा भरपूर वाटते आणि तिथेच घोटाळा होतो. मी एक सामाईक कप्पा रत्ने व रून यांना देतो, दुसरा सॉकेट असलेल्या रिकाम्या वस्तूंना, आणि तिसरा दुसऱ्या पात्रांना लागतील अशा संचातल्या व युनिक वस्तूंना. स्वतःच्या पेटीत फक्त याच पात्राला पुढच्या काही पातळ्यांत घालता येईल असे ठेवतो. एकाच प्रकारचे दुसरे शिरस्त्राण आले की दोन्ही शेजारी ठेवून एक तिथेच विकून टाकतो.

रत्नांच्या पाच प्रती असतात आणि एकाच जातीची, एकाच प्रतीची तीन रत्ने क्यूबमध्ये घातली की वरच्या प्रतीचे एक मिळते. सर्वांत खालच्या प्रतीची ८१ रत्ने मिळून एक परिपूर्ण रत्न होते. हा हिशेब लांबचा वाटला तरी रत्ने उचलत राहावीत, कारण एकत्र करत गेले की ती जागा अडवत नाहीत, आणि कोणतीही तीन परिपूर्ण रत्ने एका निळ्या वस्तूबरोबर क्यूबमध्ये घातली की त्या वस्तूचे गुण नव्याने ठरतात. रूनचेही असेच आहे : ऑर्टपर्यंतचे तीन सारखे रून मिळून पुढचा रून होतो. थुलपासून मात्र जोडीला रत्न लागते. तीन थुलबरोबर सर्वांत खालच्या प्रतीचा एक पुष्कराज दिला की आम्न मिळतो, म्हणजे वर सांगितलेल्या स्पिरिटचा शेवटचा रून. तेव्हा सगळे पुष्कराज एकत्र करून टाकू नयेत, एक-दोन तसेच राहू द्यावेत.

चार्मबद्दल थोडे वेगळे धोरण लागते, कारण ते पेटीत किंवा क्यूबमध्ये असताना काहीच काम करत नाहीत. इन्व्हेंटरीत असले तरच त्यांचा गुण लागू होतो. लहान चार्म एक घर घेतो, मधला दोन आणि मोठा तीन. प्रत्येक चार्म लूट आणण्याची जागा खातो, म्हणून नॉर्मलमध्ये दोन-चार घरांपलीकडे चार्म साठवू नयेत. त्यातही प्रतिकार किंवा प्राणशक्ती वाढवणारे ठेवावेत. मारात एक-दोन अंकांची भर घालणारे लगेच विकावेत.

नाइटमेअर या दुसऱ्या काठिण्यपातळीत पाऊल ठेवताच सर्व प्रतिकारांतून ४० वजा होतात आणि पुढे हेल या तिसऱ्या पातळीत १००. प्रतिकाराची वरची मर्यादा साधारणपणे ७५ टक्के असते. म्हणून बाल या शेवटच्या शत्रूला मारून नॉर्मल संपवल्यावर पुढे जाण्यापूर्वी एकदा पात्राच्या माहितीचे पान उघडावे, चारही प्रतिकारांतून ४० वजा करून पाहावेत आणि ज्याचा आकडा शून्याखाली जात असेल त्याच्यासाठी पेटी चाळावी. आजवर बाजूला ठेवलेले विजेच्या प्रतिकाराचे बूट किंवा थंडीच्या प्रतिकाराची अंगठी या वेळी बाहेर येते. त्यानंतरही ज्या वस्तू कोणत्याच पात्राच्या कामाच्या नाहीत असे दिसेल, त्या त्याच संध्याकाळी लार्झुकला विकून कप्पे रिकामे करावेत.